एका वाक्यातली सहा वर्षे

नोकरीत असताना दरवर्षी मी त्या फ्रेंच सम्राटाचा शेवट एका वाक्यात उरकत असे. वॉटर्लूच्या लढाईत तो हरला, इंग्रजांनी त्याला सेंट हेलेना नावाच्या दूरच्या बेटावर नेऊन ठेवले आणि सहा वर्षांनी तो तिथेच वारला. एवढे बोलून मी खडू खाली ठेवी. मुले वह्या मिटत. त्या सहा वर्षांवर परीक्षेत प्रश्न येत नसे, म्हणून ती वर्षे कुणाला दिसत नसत. मलाही दिसली नव्हती.

ती मला दाखवली माझ्या थोरल्या बंधूंनी. घरात आणि बाजारात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. हुबळीच्या दाजीबानपेठेत आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, सुरू केलेले इरकली लुगड्यांचे आणि खणांचे दुकान आहे. अप्पांच्या मागे ते अण्णांनी चालवले. मी धारवाडला येऊन मास्तर झालो. दुकानातले मला कळत नाही. ते कळावे असा अण्णांनीही कधी आग्रह धरला नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरची गोष्ट. भर दुपारी अण्णा धारवाडच्या सप्तापुरातल्या आमच्या घराच्या फाटकाशी उभे राहिले. हातात एक कापडी पिशवी होती. पाणी मागितले, उभ्यानेच प्यायले.

"मागची खोली रिकामी आहे न्हवं?"

"आहे."

"राहतो."

किती दिवस, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आमच्या घराण्यात तशी पद्धत नाही. पत्नी दुसऱ्या घराण्यातून आलेली आहे. तिने चहा पुढे करताना विचारले.

"दिवाळीपर्यंत ना, अण्णा?"

"चहात आलं कमी पडलंय, मास्तरीणबाई," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी पुतण्याचा, म्हणजे अण्णांच्या मुलाचा, फोन आला तेव्हा काय घडले ते कळले. अप्पांच्या काळापासून दुकानात गादी होती. पांढरी चादर, दोन लोड, मागे देवाचा कोनाडा. गिऱ्हाईक चप्पल पायरीखाली काढी, वर येऊन मांडी घालून बसे, आणि अण्णा त्याच्यासमोर लुगड्याची घडी मोडत. दसऱ्यानंतर चार दिवस अळनावरकडच्या आमच्या आजोळच्या देवळात जाऊन राहण्याचा अण्णांचा नेम आहे. त्या चार दिवसांत पुतण्याने गादी काढून काचेचे काउंटर बसवले होते.

"गिऱ्हाईक आता खाली बसत नाही हो, काका. सगळ्यांचे गुडघे गेलेत. किती वर्षं सांगतोय. दरवेळी एकच, हा सीझन जाऊ दे, मग बघू. म्हणून मीच केलं. वाटलं, झाल्यावर बघतील, दोन दिवस बोलतील, मग बसतील. मी तर नव्या बोर्डाचा कागद घेऊन हसत पुढं गेलो. कागद बघितला न बघितला, दारातनंच वळले. चप्पलसुद्धा काढली नाही. जेवले का?"

"जेवले."

"लक्ष्मीपूजनाला त्यांना घेऊन या, काका. ते आल्याशिवाय मी पूजा मांडणार नाही."

तो हट्टी आहे, बापावर गेला आहे. पूजा मांडणार नाही म्हणाला म्हणजे मांडणार नव्हता. आणि दुकानातली एक दिवाळी पूजेवाचून गेली की अण्णा पुन्हा त्या पायरीवर पाऊल ठेवणार नाहीत, हे मला त्यांच्यापेक्षा आधी कळत होते. धारवाडहून हुबळी अर्ध्या तासावर आहे. महानगरपालिकाही एकच आहे. तेवढ्यावरून माणूस परततोच असे नाही.

अण्णा मागच्या खोलीत राहू लागले. खिडकीची एक झडप बंद, एक उघडी. फोन आला की ते परसात जात. पुतण्या एकदा स्वतः येऊन गेला. तेव्हा अण्णा झोपले होते, निदान डोळे मिटून पडले होते. पोरगा तासभर ओट्यावर बसला आणि गेला.

त्या खोलीत माझे जुने कपाट आहे. शाळेतली पाठ्यपुस्तके त्यात आहेत, रद्दीत घालायची राहून गेलेली. एका सकाळी अण्णा त्यातले एक हातात घेऊन बाहेर आले. मधल्या पानात बोट होते.

"मास्तर, हा गडी बेटावर सहा वर्षं होता म्हणून लिहिलंय."

"होता."

"काय करत होता?"

"कैदेत होता."

"कैदेत होता ते कळलं. सकाळी उठून काय करत होता?"

मला माहीत नव्हते. तसे मी सांगितले.

"पुस्तकात नाही म्हणजे त्यानं काही केलंच नाही, असं हाय होय?"

पत्नी भाजी निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. वर्गात उत्तर आले नाही की मुले एकमेकांकडे पाहत, तसे पाहिले.

दुपारी मी वाचनालयात गेलो. एका कोपऱ्यात या विषयावरचे इंग्रजी ग्रंथ होते. वरची धूळ पाहता त्यांना बरीच वर्षे कुणी हात लावला नसावा. सम्राटाबरोबर बेटावर गेलेल्या बहुतेक मंडळींनी काही ना काही लिहून ठेवले आहे, सरदारांनी, वैद्यांनी, चाकरांनी. आयुष्यभर हा धडा शिकवूनही मला याचा पत्ता नव्हता. मी दोन ग्रंथ घरी आणले आणि त्या रात्री जेवणाला उशीर केला. असे माझ्याकडून होत नाही.

पुढे रोज दुपारी चहानंतर अण्णा विचारू लागले आणि मी वाचलेले सांगू लागलो. त्यांचे प्रश्न विद्यार्थ्यांसारखे नव्हते. लढायांत त्यांना रस नव्हता. भाजी कुठून येई, कोण आणी, चाकर किती, त्यांची खोली कुठे, चाकरांत भांडणे होत का.

"होत," मी म्हणालो. "जेवायला कुणी कुठे बसायचं यावरून सरदार एकमेकांशी बोलेनासे झाले. बायकाही."

"बेटावर?"

"बेटावर. आणि तो समोर असताना कुणी बसायचं नाही, हा राजवाड्यातला नियम तिथेही पाळत. तो तासन् तास बोलत बसे. बाकीचे उभे."

अण्णांनी यावर बराच विचार केला.

"पायात गोळे येत असतील," ते म्हणाले. "पण कुणी बसलं नाही?"

"एखादा भिंतीला टेकत असे."

"भिंतीला टेकलं तर चालतंय. आमच्याकडं अप्पांसमोर मी तेच करत होतो."

दुसऱ्या दिवशी नावाचा विषय निघाला. बेटाच्या गव्हर्नराने त्याला सम्राट म्हणण्यास साफ नकार दिला होता. इंग्रज सरकारच्या लेखी तो नुसता जनरल होता. एक पुस्तक कुणी भेट म्हणून पाठवले, त्यावर सम्राट असा उल्लेख होता, तर ते त्याच्या हाती पडू दिले नाही. उलट बाजूने, जनरल म्हणून आलेले आमंत्रण त्याने कधी स्वीकारले नाही.

"एवढ्यावरनं?" अण्णा म्हणाले. "आपल्यात सावकार म्हणा, मालक म्हणा, अण्णा म्हणा, दुकान तेच की."

"आणि काउंटरवर बसलं तर दुकान बदलतं, होय अण्णा?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

कुकरची शिट्टी झाली.

"मास्तर," अण्णा हळू म्हणाले, "तुझ्या घरात इंग्रजांचं राज्य हाय."

तरी ते उठून गेले नाहीत, ही गोष्ट मी मनात नोंदवली. उलट पुढचे विचारले. मग मी त्यांना पहाऱ्याची हकिकत सांगितली. कैदी जागेवर आहे याची रोज खात्री करून घेण्यासाठी एक इंग्रज अधिकारी त्या घरी नेमला होता. त्याने सम्राटाला रोज प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचे आणि तसे कळवायचे. सम्राटाने ठरवले की दर्शन द्यायचे नाही. तो दारे लावून आत बसे. अधिकारी बिचारा खिडक्यांभोवती फेऱ्या घाली. आणि सम्राट झडपांना पाडलेल्या भोकांतून दुर्बीण लावून बाहेरच्यांना पाहत असे.

अण्णा मोठ्याने हसले. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा.

"म्हणजे ह्याला कुणी बघायचं नाही, ह्यानं सगळ्यांना बघायचं."

"तसंच."

त्या संध्याकाळी मागच्या खोलीच्या दोन्ही झडपा बंद होत्या. पुतण्याचा फोन आला. तो रोज काकूलाच विचारी, अण्णा दिसले का, काय खाल्लं. आणि पत्नी रोज तपशीलवार सांगे, दोन भाकरी, शेंगाचटणी, वाटीभर दही. त्या दिवशी तिने फोन हातात धरूनच दारावर थाप मारली.

"अण्णा, त्याला काय सांगू?"

"सांग, जनरल दिसला नाही म्हणून."

पत्नी हसू आवरू शकली नाही. पलीकडून पुतण्या विचारत होता, कोण जनरल, काकू, कोण आलंय घरी?

मी वाचत गेलो. या वयात मला कोणत्याही गोष्टीची एवढी उत्सुकता वाटावी याचे आश्चर्य वाटत होते. सकाळी फिरून येताना मी वाचनालयाच्या वाटेने येऊ लागलो. ग्रंथपाल बाईंनी एकदा विचारले, "सर, परत शिकवायला लागलात की काय?" मी हो म्हणालो. सविस्तर सांगण्याचे कारण नव्हते.

मध्येच एक दिवस अण्णा गोष्टीत मागे गेले. तो हरला कसा, हे त्यांना आता पाहिजे होते.

आदल्या दिवशी भरपूर पाऊस झाला होता, मी सांगितले. तोफांची चाके चिखलात रुतली असती. म्हणून जमीन सुकण्याची वाट पाहत त्याने लढाई सुरू करायला जवळजवळ दुपार केली. संध्याकाळी शत्रूच्या मदतीला आणखी एक फौज येऊन पोचली आणि तो संपला. सकाळीच सुरुवात केली असती तर काय झाले असते, यावर लोक अजून वाद घालतात.

"बरोबर केलं त्यानं," अण्णा लगेच म्हणाले. "काळ्या रानात पाऊस पडल्यावर कोण गाडी घालतंय? नवलगुंदकडं जाऊन बघ. पाय टाकला की चप्पल तिथंच."

"पण हरला."

"हरला म्हणून चूक ठरती काय?"

अण्णा परसात गेले. परत आले तेव्हा दारातच थांबले.

"काउंटर मीच घालणार होतो."

"कधी?"

"सीझन संपल्यावर."

कापडवाल्यांचा हा नियम मला बाहेरच्या माणसालाही ठाऊक आहे. सीझनमध्ये दुकानात खिळा हलवायचा नाही. मी मनाशी मोजू लागलो. लग्नसराई. ती सरते तोवर नागपंचमीला माहेरवाशिणींची खरेदी. मग गणपती, दसरा, दिवाळी. दिवाळीनंतर सुगी, शेतकऱ्याच्या हातात पैसा. मग संक्रांत. आणि संक्रांतीच्या मागोमाग पुन्हा लग्नसराई.

"अण्णा, कापडाचा सीझन संपतो कधी?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी स्वतःही विचारला नसावा.

"मधी दोन-चार दिवस मिळतात," ते म्हणाले.

ते दोन-चार दिवस कोणते, तेही मला ठाऊक होते. त्या दिवसांत ते अळनावरला जात.

मला वाटले, आता ते हुबळीचे नाव काढतील. त्यांनी कुदळ मागितली.

याला कारण मीच दिले होते. बेटावरच्या अखेरच्या काळात सम्राटाने बाग करायला घेतली, हे मी आदल्या संध्याकाळी सांगितले होते. डोक्यावर गवती टोपी घालून तो पहाटे सगळ्यांना उठवी आणि खणायला लावी. सरदार, वैद्य, आचारी, कुणाची सुटका नसे. पहारेकऱ्यांना आपण दिसू नये म्हणून त्याने मातीचा बांध घातला आणि खोलगट वाटा खणल्या. काही काळ त्याची प्रकृती सुधारली, असेही लिहिले आहे.

अण्णांनी दोन सकाळींत आमच्या परसाचा एक तुकडा खणून काढला. ढेकळे फोडली, वाफा बांधला, मेथी टाकली. त्यांच्या तोंडावर रंग आला. भाकरी एक जास्त जाऊ लागली. मी समाधानाने पाहत होतो. पत्नी ओट्यावर उभी राहून पाहत होती आणि समाधानी नव्हती.

"अहो, मेथी उगवायला किती दिवस लागतात?"

"तीन-चार."

"आणि काढायला?"

"महिनाभर."

"दिवाळी आठवड्यावर आली," ती म्हणाली. "तुमचा तो सम्राट बेटावरून सुटला का कधी?"

"नाही. तिथेच वारला."

"मग कशाला सांगताय त्यांना? तिथं कसं राहायचं हे शिकवताय तुम्ही. परत कसं जायचं, ते आहे का तुमच्या पुस्तकात?"

ते नव्हते. मी दोन दिवस वाचनालयात गेलो नाही. चहानंतर वर्तमानपत्र धरून बसलो. दुसऱ्या दिवशी अण्णांनी वर्तमानपत्राची वरची कड बोटाने खाली केली.

"शाळेला सुट्टी पडली काय, तम्मा?"

तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, असे ते मला लहानपणी म्हणत. इतक्या वर्षांत म्हटले नव्हते.

"थोडंच राहिलं आहे," मी म्हणालो.

"मग संपव."

जे घडले ते सांगायचे, एवढेच मला येते. मी संपवले. आजार, वैद्यांचे वाद, बिछाना, शेवटचे दिवस. बेटावरच्याच एका दरीत, झऱ्याजवळ, झाडांच्या सावलीत त्याला पुरले. थडग्यावर मोठी शिळा ठेवली. मग शिळेवर काय कोरायचे हा प्रश्न आला. बरोबरच्या लोकांना राजाचे असते तसे फक्त त्याचे पहिले नाव पाहिजे होते. गव्हर्नर म्हणाला, आडनावही घाला, सामान्य माणसाचे असते तसे. दोन्ही बाजू हटल्या नाहीत.

"मग?"

"मग काहीच कोरलं नाही. दगड कोरा राहिला."

"कोरा?"

"अजून कोरा आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याचं शव मायदेशी नेलं, मोठ्या थाटानं. आता थडगं रिकामं आहे आणि वरचा दगड कोरा."

"आणि लोक जातात बघायला?"

"जातात."

"त्यांना कसं कळतं, कुणाचं हाय ते?"

"कळतं."

त्यांनी धोतराचा सोगा मांडीवर ओढला आणि बोटांनी त्याची घडी घालू लागले, लुगड्याची घालतात तशी, कडेला कड जुळवून.

"मी काही सांगितलं नाही, म्हणजे आमचा बोर्डही कोराच असंल," ते म्हणाले.

"कोणता बोर्ड?"

"तुला काय वाटतंय, गादी गेली म्हणून मी आलो?"

मला तसेच वाटत होते. सगळ्यांनाच तसे वाटत होते.

"गादी जायचीच होती. मी घालवली नसती, वाळवीनं घालवली असती. मी दारात उभा, पायात चप्पल, गावाकडनं आलेला, आणि हे पोरगं कागद नाचवत पुढं येतंय. अण्णा, बघा, नवा बोर्ड. वर अप्पांचं नाव, खाली तुमचं."

"मान द्यावा म्हणून केलं असेल."

"मान द्यायला मेल्यावर वेळ नसतोय काय?" अण्णांचा आवाज चढला. "पेठेत ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालत जा आणि बोर्ड वाच. कुणाची नावं असतात? गेलेल्यांची. अप्पांचं नाव कधी चढलं? तेरावं झाल्यावर. मी चढवलं. त्याआधी देवाचं होतं. बोर्डावर चढलेला माणूस दुकानात बसत नसतोय, तम्मा. आणि हे मला हसत हसत दाखवतंय. गादी काढलेली, नाव चढवलेलं. आता राहिलं काय? हार तेवढा घालायचा."

मी दुकानात कधी बसलो नाही, पण त्या पेठेत लहानाचा मोठा झालो. एकेक पाटी डोळ्यांपुढे आली. अण्णा म्हणत होते ते खरे होते. हा कुठे लिहिलेला नियम नाही. मुलाला तो माहीत नसावा, याला कारणही होते. त्याच्या उभ्या आयुष्यात त्या पाटीवर दुसरे नाव चढण्याची वेळच आली नव्हती.

"त्याला हे सांगितलंत?"

"सांगायचं कशाला? कळाय नको?"

"त्याला वाटतं, तुम्ही काउंटरवरून रागावलात."

अण्णांनी घडी सोडली. सोगा मांडीवरून घसरला.

"मी सांगू त्याला?" मी विचारले.

"तू नको." थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या सकाळी चहा लवकर टाकायला सांग. आलं घालून."

आम्ही बसने हुबळीला गेलो. दिवाळी चार दिवसांवर होती. दुर्गदबैलाच्या बाजारात पणत्यांचे आणि झेंडूचे हातगाडे रस्त्याच्या मध्यापर्यंत आले होते. रिक्षा पुढे जाईना म्हणून उतरून चाललो. एका हमालाने डोक्यावर गठ्ठा असताना "अण्णा, आरामा?" म्हणून कानडीत खुशाली विचारली. अण्णांनी हात वर केला. पावलागणिक कुणी ना कुणी विचारत होते. कुठे होतात, असे मात्र कुणी विचारले नाही. सगळ्यांना ठाऊक होते.

दाजीबानपेठेत दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, अण्णा थांबले. वर पाटी होती. हिरवा रंग दिलेला, चारी बाजूंनी पिवळी किनार, आणि आत काही नाही. खाली दुकानात गर्दी होती. काचेपाशी बायका उभ्या होत्या, दोघी स्टुलांवर बसल्या होत्या.

अण्णा वर पाहत होते, मग खाली, मग पुन्हा वर.

"येतात की लोक," ते म्हणाले.

"येतात."

रस्ता ओलांडून ते पायरीपाशी गेले आणि सवयीने चप्पल काढली. आता तिथे चप्पल काढण्याचे कारण नव्हते. बाकी सगळे चपलांसह आत उभे होते. अण्णा नव्या फरशीवर अनवाणी चालत गेले. पुतण्या काउंटरच्या मागून बाहेर आला. हातातला खण तसाच होता. तो वाकला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की नाही, मला गर्दीत दिसले नाही.

"बोर्ड तसाच ठेवलास?"

"तुम्ही काही बोलला नाहीत, अण्णा. पेंटर रोज विचारतोय. मी म्हटलं, अण्णा सांगतील ते."

"अप्पांचं नाव लिव."

"आणि खाली?"

"खाली जागा सोड."

"किती?"

"माझं नाव बसंल एवढी."

पुतण्याचे तोंड पाहण्यासारखे झाले. त्याच्या हातातला खण खाली आला. आता त्याला कळले होते. एका क्षणात, कुणी न सांगता.

"अण्णा, मी…"

"घाई करू नको," अण्णा म्हणाले. "रंग सुकू दे आधी."

मग ते गिऱ्हाइकाच्या बाजूच्या एका स्टुलावर बसले. एक बाई दोन लुगड्यांत अडकली होती, हे का ते. अण्णांनी हात पुढे करून एकाची घडी मोडली आणि पदर काचेवर पसरला. बोटांनी काठ चाचपला. मग तळहात काचेवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"गार लागतंय," ते म्हणाले. स्टुलावर पाय सरळ केले. "गुडघ्याला बरं हाय."

बाईने ते लुगडे घेतले. चहा आला तो पुतण्याने स्वतः आणला. मी माझा कप संपवला आणि निघालो. अण्णांनी पिशवी मागाहून एखाद्या गाडीने पाठव म्हणून सांगितले. सांगताना लुगड्यावरून नजर उचलली नाही.

घरी आल्यावर पत्नीने विचारले, "पूजा?"

"होईल."

"कुठं बसले?"

"गिऱ्हाइकाच्या बाजूला."

तिने ते मान्य केल्यासारखी मान हलवली आणि आत गेली. मी मागची खोली उघडली. दोन्ही झडपा उघड्या होत्या. पाठ्यपुस्तक कपाटात जिथल्या तिथे परत ठेवलेले होते. वाचनालयाचे ग्रंथ मी टेबलावर रचून ठेवले, सकाळी परत करायचे म्हणून.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. पत्नीने उचलला आणि माझ्याकडे दिला.

"मास्तर, मेथीला पाणी घातलंस?"

"घातलं."

"एक विचारायचं राहिलं," अण्णा म्हणाले. मागे बाजाराचा आवाज होता, कुणीतरी भाव विचारत होते. "तो मेल्यावर त्याच्या बागेचं काय झालं?"

मला माहीत नव्हते. ग्रंथ परत गेले होते. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडले तेव्हा मी पायरीवर उभा होतो.